सामान्य ज्ञानातली सुरत

लिंबायतला माझ्या मावसबहिणीकडे गेलो की भाचीच्या टेबलावर दोन जाडजूड पुस्तकं दिसतात. एक धुळ्याहून आणलेलं मराठी ‘सामान्य ज्ञान’, दुसरं सुरतेतच घेतलेलं गुजराती. भाचीचं प्राथमिक शिक्षण इथल्या महापालिकेच्या मराठी शाळेत झालं, पुढचं गुजरातीत. आता ती गुजरातमधल्या सरकारी भरतीची तयारी करते आहे, पण मराठी पुस्तक तिने सोडलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात तिने मला एक काम लावलं. “मामा, दोन्ही पुस्तकांत सुरत कुठे कुठे येते तेवढं काढून द्या ना.”

दोन दुपारी बसून मी ते काढलं. मराठी पुस्तकात सुरत मुख्यतः तीनदा भेटते. इंग्रजांची वखार, शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या आणि १९०७ साली काँग्रेसमध्ये पडलेली फूट. गुजराती पुस्तकात नर्मद आहे, हिरे आहेत, जरी आहे, तापी आणि उकाई आहे, हरिपुऱ्याचं अधिवेशन आहे. इतिहासातली वखार तेवढी दोन्हीकडे. शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर ही दोन वेगळी शहरं वाटतील. आणि ज्या घरात बसून मी हे वाचत होतो त्या घराबद्दल, म्हणजे लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या खानदेशी माणसांबद्दल, दोन्ही पुस्तकांत एक ओळसुद्धा नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांत ज्या घरातलं कुणीच सुरतेला नाही असं घर शोधावं लागेल. इतकं जवळचं शहर आपल्याला तीन प्रश्नांपुरतंच ठाऊक असावं, हे मला सलत राहिलं. त्या दोन दुपारींतून हा आढावा निघाला.

वखारीच्या प्रश्नाशी माझं जुनं भांडण आहे. सातवीत असताना एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत विचारलं होतं, “इंग्रजांनी भारतात पहिली वखार कुठे काढली?” मी मच्छलीपट्टण म्हणालो. परीक्षकांनी चूक दिली, सुरत म्हणणाऱ्या संघाला गुण मिळाले आणि आम्ही एका गुणाने हरलो. तो निकाल मला आजही मान्य नाही. पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणला ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार १६११मध्येच सुरू झाला होता. सुरतेला विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजातून २४ ऑगस्ट १६०८ रोजी पोचला, जहांगीरच्या दरबारी त्याने खेटे घातले, पण पोर्तुगीजांच्या दडपणापुढे कायमची परवानगी काही मिळेना. १६१२च्या नोव्हेंबरात थॉमस बेस्टच्या जहाजांनी सुरतेजवळ सुवालीच्या समुद्रात पोर्तुगीजांना मागे रेटलं, तेव्हा कुठे मोगलांना या नव्या टोपीकरांचा उपयोग दिसला आणि १६१३मध्ये बादशहाचं फर्मान आलं. म्हणून १६०८, १६१२ आणि १६१३ अशी तिन्ही वर्षं वेगवेगळ्या पुस्तकांत छापलेली सापडतात. ‘मोगल फर्मानाने मिळालेली पहिली कायमची वखार’ असं नीट विचारलं, तर उत्तर सुरत आणि १६१३. प्रश्नातले तीन-चार शब्द गाळले की बरोबर उत्तर देणारं मूल चूक ठरतं. आज त्या सुवालीच्या किनाऱ्यावर रविवारी सुरतकर कुटुंबं मक्याचं कणीस खात बसतात.

आता सुरतेची लूट. मराठी पुस्तकात तिचं उत्तर आहे जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. भाचीला कॉलेजात मैत्रिणी याबद्दल छेडतात. ती एवढंच सांगते, “आधी किल्ल्यात जाऊन बसलेल्या अधिकाऱ्याला विचारा.” मला तिचं उत्तर पटतं. शाहिस्तेखानाच्या फौजांनी तीन वर्षं स्वराज्याचा मुलूख तुडवला होता, खजिना रिता झाला होता, आणि मोगलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर मातीच्या तटबंदीआड बसलं होतं. तिथला मोगल अधिकारी इनायतखान याने पाचशे शिपायांचा पगार उचलला होता, पण शिपाई ठेवलेच नव्हते. महाराज गणदेवीपर्यंत आल्याची बातमी कळताच तो किल्ल्यात शिरला आणि शहर उघडं पडलं. महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत पडला. इनायतखानाने बोलणी करायला म्हणून माणूस पाठवला आणि त्या माणसाने महाराजांवरच खंजीर चालवला. इंग्रजांच्या वखारीत जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्यांच्या वखारीत डच, यांनी आपापल्या भिंती राखल्या. वीरजी व्होरासारख्या सावकारांचे वाडे मात्र रिते झाले. हा वीरजी व्होरा कंपनीलाही कर्ज देणारा होता, इतका मोठा. कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या मठाला मराठ्यांनी हात लावला नाही, हेही समकालीन नोंदींत आहे. त्यानंतर औरंगजेबाने व्यापाऱ्यांना जकातीत सवलत दिली आणि शहराला विटांचा तट बांधला. दुसऱ्या स्वारीहून परतताना महाराजांना दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशीशी लढावं लागलं, ते नाशिक जिल्ह्यातल्या लोकांनी आठवणीत ठेवायला हवं.

बुऱ्हाणपूर दरवाजा हे नाव मात्र मला त्या दोन तारखांपेक्षा जास्त काही सांगतं. समुद्राजवळ वसलेल्या गावाच्या दरवाजाला शेकडो किलोमीटर आतल्या शहराचं नाव का? कारण तापीकाठची वाट. आग्र्याकडचा माल आणि खानदेशचा कापूस याच वाटेने बंदराला यायचा, आणि मक्केला निघालेले यात्रेकरूही. आज उधना–जळगाव रेल्वे आणि नवापूर-सोनगढ-व्यारा-बारडोलीवरून येणारा महामार्ग जवळपास तोच रस्ता धरून चालतात. आमची माणसं सुरतेला येतात ती चारशे वर्षं मळलेल्या वाटेने.

सुरतेने मुंबईलाही पुष्कळ दिलं. कंपनीचं मुख्य ठाणं १६८७मध्ये सुरतेहून मुंबईला हललं. १७३६मध्ये सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला गेला आणि त्याच्या घराण्याने तिथली गोदी व जहाजबांधणी उभी केली. सुरतेत जन्मलेले फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२मध्ये ‘मुंबई समाचार’ काढला. तो अजून निघतो. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ त्यानंतर दहा वर्षांनी आलं.

भूगोलाचा प्रश्न दोन्ही पुस्तकांत एकाच साच्याचा आहे. तापीचा उगम कुठे? मुलताई, बैतुल जिल्हा, मध्य प्रदेश. लांबी ७२४ किलोमीटर. अरबी समुद्राला मिळते. उत्तर बरोबर आहे, आणि इथे थांबणं फार तोट्याचं आहे. तापीचं खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं. त्यातला जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. गुजरातच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के. म्हणजे जी नदी सुरतेची म्हणून ओळखली जाते तिचं बहुतेक पाणी मराठी मुलखावर पडलेल्या पावसाचं असतं. मेळघाटाच्या बाजूने, अकोला-बुलढाण्याच्या शिवारांतून पूर्णा येते आणि मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापीला मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा एकामागून एक येऊन मिळतात. सटाण्याला कोसळलेला पाऊस चार दिवसांनी कुठे असतो, हा प्रश्न मला कुठल्याच पुस्तकात दिसला नाही. सुरतेत तो प्रश्न जीवनमरणाचा आहे.

१९७२मध्ये उकाईचं धरण पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याचं पाणी नंदुरबार जिल्ह्यात शिरलेलं आहे. १९६८चा महापूर आठवणारे सुरतकर आता वृद्ध झाले. पण ऑगस्ट २००६ सगळ्यांना आठवतो. वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला, उकाईचा जलाशय भरत आला आणि दरवाजे उघडावे लागले. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. मावसबहिणीच्या घराच्या जिन्यावर त्या पुराच्या पाण्याची खडूची रेघ अजून आहे. दर दिवाळीला रंग देताना तिचा नवरा तेवढी चार बोटं भिंत सोडून देतो. धरणात पूर रोखायला जागा राखायची की उन्हाळ्यासाठी पाणी साठवायचं, हा पेच दर पावसाळ्यात उकाईवर येतो, आणि त्याचं उत्तर हतनूरच्या दरवाजांवर आणि भुसावळच्या पाणीपातळीवरही अवलंबून असतं. केंद्राचं जलशक्ती खातं २०२४पासून सी. आर. पाटील यांच्याकडे आहे. ते नवसारीचे खासदार, लिंबायत-उधना त्यांच्याच मतदारसंघात, आणि जन्म जळगाव जिल्ह्यातला. चालू घडामोडींचं पुस्तक ‘जलशक्ती मंत्री कोण’ एवढंच विचारून पुढे जातं.

तापी सूर्याची मुलगी, अशी श्रद्धा आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तिचा वाढदिवस करतात आणि लांबच लांब चुनरी नदीला अर्पण करतात. मुलतापीचं मुलताई झालं, हेही त्याच ओघातलं.

आरोग्याचा प्रश्न. ‘१९९४मध्ये प्लेगची साथ कोणत्या शहरात आली?’ सुरत. ‘प्लेग कशामुळे पसरतो?’ उंदीर. दुसरं उत्तर अर्धवट आहे आणि या रोगाच्या बाबतीत अर्धवट उत्तर महागात पडतं. प्लेग होतो तो येर्सिनिया पेस्टिस या जंतूमुळे. अलेक्झांडर येर्सिनने तो १८९४मध्ये हाँगकाँगला शोधला, म्हणजे सुरतेच्या साथीआधी बरोबर शंभर वर्षं. उंदरावरची पिसू चावली की जांघेत, काखेत गाठ येते. ती गाठीची तऱ्हा. सुरतेत आली ती फुप्फुसाची. तिला उंदीर लागत नाही, खोकणाऱ्या माणसाच्या थुंकीचे तुषार पुरतात. म्हणूनच त्या सप्टेंबरात भीतीने शहर रिकामं झालं. लाखो माणसं रेल्वेने, ट्रकने, मिळेल त्या गाडीने निघाली. आमच्या गावी रोज नवे पाहुणे उतरत होते, आणि गावकरी त्यांना ओसरीवर थांबवून आधी खोकला आहे का विचारत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. वेळेत दिलेल्या साध्या प्रतिजैविकाने हा रोग बरा होतो, हे तेव्हा गावोगाव कळलं असतं तर एवढी पळापळ झाली नसती.

त्याआधी काही आठवडे बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले होते. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. सोडून दिलेल्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि तिथून साखळी सुरू झाली, अशी मांडणी तेव्हा झाली. सुरतेत त्याच पावसाळ्यात तापीला पूर येऊन गेला होता, गटारं तुंबली होती, मेलेली जनावरं रस्त्यावर पडली होती. साथ प्लेगचीच होती का, यावर पुढे वादही झाला. नंतरच्या प्रयोगशाळा तपासण्यांनी तो जंतू प्लेगचाच असल्याचं दाखवलं. मराठी माणसाला प्लेग म्हटलं की १८९७चं पुणं आठवतं. रँडचा खून, आणि त्याच वर्षी १० मार्चला रुग्णसेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई. सुरतेची साथ आपल्या आठवणीत त्या रांगेत बसलेली नाही. बसायला हवी.

कारण पुढे जे घडलं ते शिकण्यासारखं आहे. १९९५मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले आणि रोज सकाळी सगळ्यांना रस्त्यावर उतरवलं. ‘एसी टू डीसी’, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे, असं ते त्याला म्हणत. रात्री झाडलोट सुरू झाली, अस्वच्छ खाणावळींना दंड झाले, श्रीमंतांची बेकायदा बांधकामंही पडली. दोन वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचं नाव दुसरं घेतलं गेलं. ‘स्वच्छ सर्वेक्षण २०२३’मध्ये इंदूरच्या जोडीने सुरत पहिली आली, तिसरी नवी मुंबई. पुस्तकात ही ओळ आहे. १९९४ची ओळ वेगळ्या पानावर आहे. दोन्ही एका पानावर आल्या तर मुलांना दोन्हींचा अर्थ कळेल. प्लेगच्या भीतीतून शहर स्वच्छ झालं, आणि ते तसं टिकवण्याचं श्रेय रात्री अडीच वाजता लिंबायतच्या मुख्य रस्त्यावर झाडू मारणाऱ्या बायकांचं आहे.

राजकारणाचं थोडक्यात आटोपतो. १९०७चं अधिवेशन ठरलं होतं नागपूरला. तिथे जहालांचा जोर म्हणून ते सुरतेला नेलं. २६ आणि २७ डिसेंबर. अध्यक्ष रासबिहारी घोष. लोकमान्य टिळक व्यासपीठावर येऊन बोलू देण्याचा आग्रह धरून उभे राहिले, हटेनात. तेवढ्यात सभेतून एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. तिथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने तो जोडा मराठी वळणाचा, लाल चामड्याचा होता असं लिहून ठेवलं आहे. त्यानंतर खुर्च्या चालल्या. मराठी पुस्तकात ‘सुरत फूट’ एवढाच शब्द उरला आहे. आणि अलीकडच्या पिढीला राजकारणातली सुरत आठवते ती २१ जून २०२२च्या सकाळची, विधान परिषदेची मतमोजणी आटोपून रातोरात एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेच्या हॉटेलात पोचले तेव्हाची. तिथून गुवाहाटी. ३० जूनला ते मुख्यमंत्री झाले. स्पर्धा परीक्षेत हा प्रश्न आला तर गुण सगळ्यांनाच मिळतील.

साहित्यात मात्र आपलं पुस्तक अगदीच कोरं आहे, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. गुजराती पुस्तकात नर्मद आहे. नर्मदाशंकर लालशंकर दवे, जन्म सुरत, २४ ऑगस्ट १८३३. हॉकिन्स उतरला तीच तारीख. आज ती गुजराती भाषेचा दिवस म्हणून पाळली जाते. ‘नर्मकोश’ हा गुजरातीतून गुजरातीत अर्थ देणारा पहिला मोठा कोश त्याने एकट्याने, पदरमोड करून केला. ‘डांडियो’ नावाचं निर्भीड पाक्षिक चालवलं. विधवाविवाहाचा नुसता पुरस्कार करून थांबला नाही, विधवेला घरात आसरा दिला. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडित ज्या वर्षांत हीच लढाई लढत होते त्याच वर्षांत हा सुरत-मुंबईत लढत होता.

पण नर्मद लहान असताना सुरतेत जे घडलं ते मराठी पुस्तकातही यायला हवं. मराठीचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर, १८३६मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिणारे, १८४०च्या दशकात सुरतेत शिक्षक होते. तिथे दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक भूतबाधा आणि मंत्रतंत्राचं ढोंग उघडं पाडण्यासाठी मांत्रिकांना जाहीर आव्हान देत होते. हे दोघे आणि त्यांचे काही मित्र एकत्र आले आणि १८४४मध्ये सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. सगळ्या माणसांची जात एक, देव एक, हा तिचा विचार. दादोबा मुंबईला परतले आणि काही वर्षांनी तिथे परमहंस सभा उभी राहिली. १८६७मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग. महाराष्ट्रातल्या धर्मसुधारणेचा एक झरा असा सुरतेच्या शाळेतून निघालेला आहे, आणि एका मराठी व एका गुजराती मास्तरांनी तो मिळून खणला. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तेही आपल्यासारखेच, सुरतेतले मराठी.”

आणखी एक गोष्ट तिला नेऊन दाखवली. कतारगाम दरवाजाजवळ डचांची जुनी दफनभूमी आहे. तिथला घुमटाचा मोठा मकबरा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याचा. डिसेंबर १६९१मध्ये सुरतेकडे येताना जहाजावर तो वारला आणि इथे पुरला गेला. मलबारच्या शेकडो वनस्पतींची चित्रं आणि औषधी उपयोग सांगणारा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने करवून घेतला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांची नागरी लिपीतली कोंकणी साक्ष १६७८मध्ये ॲमस्टरडॅमला पहिल्या खंडात छापली गेली. आपली लिपी छापलेली दिसते अशा अगदी जुन्या पानांपैकी ते एक. त्या ग्रंथाचा धनी सुरतेत झोपलेला आहे, त्याच्या घुमटावर कबुतरं बसतात आणि शेजारच्या गल्लीत वाहनांची कर्णकर्कश गर्दी असते.

धंद्याच्या प्रश्नात हिरे येतात. दहांतले आठ-नऊ हिरे इथे पैलू पाडून जातात असं म्हणतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेलं डायमंड बोर्स ६७ लाख चौरस फुटांचं, अमेरिकेच्या पेंटॅगॉनपेक्षा मोठं. आकडे भव्य आहेत. पण महिधरपुऱ्यात दुपारी जाऊन उभं राहावं. रस्त्यावरच, दुचाकीच्या सीटवर दलाल कागदाची घडी उलगडतो, चिमट्याने एक दाणा उचलतो, भिंग डोळ्याला लावतो आणि दोन शब्दांत सौदा होतो. गोल तेजस्वी हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. कारखान्यात ‘घंटी’भोवती चौघे बसतात. घंटी म्हणजे हिऱ्याची भुकटी आणि तेल लावलेली फिरती लोखंडी चकती. हिरा हिऱ्यानेच कापला जातो, हे सामान्य ज्ञान तिथे दिवसभर कानाला ऐकू येतं. पूर्वी या कारागिरांना ‘हीराघसू’ म्हणत, आता ‘रत्नकलाकार’. नाव मोठं झालं, मागणी घटली की घरी बसण्याची धास्ती तीच राहिली. जरीचं उत्तर एका नावात सापडतं. १९३८मध्ये सुरतेत जन्मलेला हरिहर जरीवाला पुढे संजीवकुमार झाला. जरीवाला हे आडनाव धंद्याचं. लूमवर राबणारा आमचा खानदेशी माणूस मात्र कुठल्याच आडनावात उरला नाही. आमच्याकडच्या लग्नांतल्या आहेराच्या साड्या रिंग रोडच्या बाजारातून पार्सलने येतात, आणि त्या विणणारा हात कधी कधी त्याच लग्नाच्या पंगतीत जेवायला बसलेला असतो.

खाण्याचे प्रश्न आता परीक्षांतही येतात, आणि त्यांत मराठी माणूस हमखास एक चूक करतो. पिवळ्या जाळीदार वड्यांना आपण ढोकळा म्हणतो. तो खमण. खमण हरभऱ्याच्या डाळीचं, ढोकळ्यात तांदूळ लागतो. डाळीचं तेच वाटण पातळ राहिलं, वडी सुटेना, आणि कुणीतरी ते तसंच वर तेल-लोणी, शेव, कांदा घालून विकलं, तो लोचो. गुजरातीत लोचो म्हणजे गोंधळ. मुंबईकर ‘लोचा झाला’ म्हणतो तो हाच. घारी चांदी पडव्याची, म्हणजे आपली कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवशीची. मैद्याच्या पारीत खवा-पिस्त्याचं सारण, वर तुपाचा जाड थर. ती तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी पहिल्यांदा बनली असं मिठाईवाले सांगतात. तिला कथा म्हणूनच ऐकावं. १८५८च्या अखेरीस तात्यांची वाट छोटा उदेपूरपर्यंत येते आणि तिथून राजस्थानकडे वळते. परीक्षेच्या पुस्तकात ही कथा वस्तुस्थिती म्हणून छापली जाऊ लागली आहे, ते थांबायला हवं.

उंधियूचं नाव ‘उलटं’ या अर्थाच्या शब्दावरून आलं. मडक्यात पापडी, कंद, बटाटे भरून ते विस्तवात उपडं ठेवायचं. आता शहरात ते पातेल्यात हिरव्या मसाल्यात शिजतं, पण वलसाड-नवसारीकडे महामार्गावर हिवाळ्यात मिळणारं उबाडियू अजून मडक्यातलं. रायगडातल्या माणसाने ते पाहिलं तर तो म्हणेल, ही तर आमची पोपटी. वालाच्या शेंगा, पाला, उपडं मडकं, जाळ. एकाच किनाऱ्यावरचं एकाच थंडीतलं खाणं, दोन राज्यांच्या पुस्तकांत दोन वेगळे प्रश्न.

तसंच पोंकाचं. माझं काम संपलं त्या संध्याकाळी भाची मला तापीपलीकडे अडाजणच्या बाजूला पोंक खायला घेऊन गेली. ज्वारीची कोवळी कणसं राखेत भाजतात, कापडी पिशवीत घालून बडवतात, सुपात पाखडतात, आणि हिरवेगार ऊन ऊन दाणे कागदावर ओततात. बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. हा आपला हुरडा. आपण आगटीत गोवऱ्यांवर भाजतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि लसणाच्या चटणीबरोबर खातो. मी सवयीने दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली. भट्टीवरच्या बाईने ते पाहिलं आणि विचारलं, “तमे धुळियाना?” तुम्ही धुळ्याचे का? तिच्याकडे दर हिवाळ्यात असे फुंकर मारणारे येतात.

परतताना दुपारच्या गाडीने निघालो. नवापूर स्टेशनवर राज्याची हद्द फलाटावरूनच जाते. एक बाक असा आहे की त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये, रंगाने तसं लिहिलेलंच आहे. ‘असं स्टेशन कोणतं’ हा प्रश्न दोन्ही पुस्तकांत आहे, मी काढलेल्या यादीतला एकमेव जो दोन्हीकडे शब्दाला शब्द सारखा निघाला. गाडी थांबली तेव्हा त्या बाकावर एक म्हातारबा बसले होते, पायाशी साड्यांचं गाठोडं. मी खिडकीतून विचारलं, “कोठे जाई ऱ्हायनात बाबा?” त्यांनी येणाऱ्या गाडीच्या दिशेने हात केला. “सुरतले. पोऱ्याकडे.” घोषणा मराठीत झाली, मग गुजरातीत, आणि आमची गाडी हलली.